फ्रीजच्या जुन्या कॉम्प्रेसरपासून कार्यशाळेतील निर्वात पंप: तेल, उष्णता आणि पुन्हा सुरू होण्याचा प्रश्न

धागालेखक

फ्रीज भंगारात जातो तेव्हा त्याचा कॉम्प्रेसर पुष्कळदा ठणठणीत असतो. गॅस गळलेला असतो, थर्मोस्टॅट बिघडलेला असतो किंवा आतला पत्रा सडलेला असतो, आणि त्यापायी चांगले यंत्र वाया जाते. असा कॉम्प्रेसर निर्वात पंप म्हणून वापरता येतो हे अनेकांना ठाऊक आहे. दोन नळ्या जोडल्या आणि गेजचा काटा शून्याच्या खाली गेला की काम झाले असे वाटते. माझा पहिला पंप असाच तयार झाला होता आणि तो तीन महिन्यांत जाम झाला. त्यानंतर बांधलेला दुसरा पंप पाच वर्षे व्हेनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) दाबण्यासाठी, इपॉक्सीच्या कामासाठी आणि लेथवरील निर्वात चकसाठी (निर्वाताच्या जोरावर लाकूड धरणारी पकड) नियमित चालत आहे. या दोन पंपांच्या बांधणीत काय वेगळे होते ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

फ्रीजमध्ये हा कॉम्प्रेसर बंद चक्रात काम करतो. त्यातून थोडेसे तेल गॅसबरोबर बाहेर पडते, पण फिरून पुन्हा आत येते. परत येणारा गार गॅस मोटरच्या वेटोळ्यांवरून जाताना त्यांची उष्णता घेऊन जातो. आणि कॉम्प्रेसर थांबला की केशनळीवाटे (फ्रीजच्या चक्रातील अतिशय बारीक नळी) दोन्ही बाजूंचा दाब काही मिनिटांत सारखा होतो, त्यामुळे पुढच्या वेळी मोटरला जोर लावावा लागत नाही. आपण नळ्या कापतो तेव्हा या तिन्ही सोयी एकदम नाहीशा होतात, आणि पंप टिकवायचा असेल तर त्या तिन्ही आपल्याला दुसऱ्या मार्गाने पुरवाव्या लागतात.

जाम झालेला पहिला कॉम्प्रेसर मी करवतीने जोडाच्या रेषेवर कापून उघडला. आत मोटर आणि सिलिंडर यांचा एकसंध गाभा स्प्रिंगांवर अलगद बसवलेला होता. तोंडाची, म्हणजे दाबलेला वायू बाहेर सोडणारी, बारीक नळी आवाज आणि थरथर आत जिरावी म्हणून वेटोळे घेऊन सिलिंडरपर्यंत गेली होती. वायू आत ओढणारी चोषण नळी मात्र सिलिंडरला जोडलेली नव्हती, ती सरळ कवचाच्या पोकळीत उघडत होती. क्रँकच्या खिळीवर निळसर-काळी झाक चढली होती आणि कनेक्टिंग रॉडचे छिद्र खरडले गेले होते. तळाशी तेल होते ते जेमतेम चार चमचे. बाकीचे सारे तीन महिन्यांत धुराच्या रूपाने तोंडावाटे निघून गेले होते, आणि ते माझ्या भिंतीवर डागांच्या रूपाने दिसतही होते. त्यांचा अर्थ मी लावला नव्हता.

प्रथम गॅसविषयी. नळी कापण्यापूर्वी आतील गॅस प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून पुनर्प्राप्ती यंत्राने काढून घ्यावा. फ्रीजवरील पट्टीवर गॅसचे नाव लिहिलेले असते. आर-१२ ओझोनच्या थराला घातक आहे, आर-१३४ए हवेत सोडल्यास कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो, आणि आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, जो हवेत सुमारे १.८ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. गॅस काढल्यानंतरही नळीवर ज्योत लावू नये. आर-१२ किंवा आर-१३४ए ज्योतीत विघटित झाला तर हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात, आणि तेलात विरघळलेला गॅस बराच वेळ बाहेर येत राहतो. मी नळ्या नळी-कटरने कापतो आणि ब्रेझिंगऐवजी कॉम्प्रेशन फिटिंग वापरतो. करवत टाळावी, कारण तांब्याचा कीस आत गेला तर तो तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचतो.

साध्या पिस्टनच्या कॉम्प्रेसरला तीन नळ्या असतात. एक चोषण नळी, एक तोंडाची नळी आणि एक चिमटून बंद केलेली सर्व्हिस नळी, जिच्यातून कारखान्यात गॅस भरतात. तोंडाची नळी बहुधा सर्वांत बारीक असते. खात्री करण्यासाठी तिन्ही नळ्या उघड्या ठेवून क्षणभर वीज द्यावी, हवेचा फुत्कार जिथून येतो ती तोंडाची. सर्व्हिस नळी चोषण नळीप्रमाणेच कवचाच्या पोकळीत उघडते, आणि ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

कारण तेल परत आत घेण्याची वाट तीच आहे. तोंडाच्या नळीला मी एक उभे धातूचे भांडे जोडले आहे. हवा त्यात बाजूने शिरते आणि वर गच्च भरलेल्या स्टीलच्या तारेच्या काथ्यातून बाहेर पडते. तेलाचे बारीक थेंब काथ्यावर एकत्र येऊन खाली ओघळतात. भांड्याचे तोंड हवेला कायम मोकळे आहे, तिथे दाब साठू देत नाही. भांड्याच्या तळापासून सर्व्हिस नळीपर्यंत पारदर्शक नळी असून मध्ये छोटा बॉल व्हॉल्व्ह आहे. आठवड्यातून एकदा निर्वात साठवणाऱ्या टाकीकडची झडप बंद करून पंप चालवतो आणि हा व्हॉल्व्ह किंचित उघडतो. कवचात निर्वात असल्यामुळे जमलेले तेल पारदर्शक नळीतून सरसर आत खेचले जाते. व्हॉल्व्ह हळूच उघडावा. एकदम उघडला तर तेलामागून हवा घुसते, तळचे तेल फेसाळते आणि पुन्हा तोंडावाटे बाहेर उडते.

पहिल्याच वेळी कॉम्प्रेसर उलटा करून जुने तेल मोजपात्रात काढावे. लहान कॉम्प्रेसरमध्ये ते साधारण २०० ते ३०० मिलिलिटर असते. जितके निघाले तितकेच नवे भरावे. आर-१३४एच्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पॉलिओल एस्टर तेल असते, ते हवेतील ओल झपाट्याने शोषते आणि ओल्या तेलात हळूहळू आम्ल तयार होते. उघड्या हवेवर चालणाऱ्या पंपाला हे तेल योग्य नाही, म्हणून मी खनिज निर्वात पंप तेल भरले. जुने तेल काळे निघाले किंवा त्याला जळका, आंबट वास आला तर मोटरचे वेटोळे जळालेले असण्याचा संभव असतो, आणि अशा कॉम्प्रेसरवर वेळ घालवू नये.

विजेच्या जोडणीत मूळचा स्टार्टर (मोटर सुरू करून देणारा) आणि ओव्हरलोड (मोटर फार तापल्यास वीज तोडणारा) दोन्ही ठेवावेत. टर्मिनलच्या तीन खुंट्या कॉमन, स्टार्ट आणि रन अशा असतात. मल्टिमीटरने मोजल्यास कॉमन ते रन हा रोध सर्वांत कमी, कॉमन ते स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन ते स्टार्ट हा त्या दोहोंच्या बेरजेइतका येतो. कवचाशी मात्र कोणत्याही खुंटीचा संपर्क असता कामा नये. कवचाला अर्थिंग द्यावे आणि खुंट्यांवरचे झाकण कधीही काढून ठेवू नये. ओव्हरलोड वारंवार तुटतो म्हणून तो वगळून थेट जोडणी करण्याचा मोह होतो, पण मोटर तापल्याची सूचना देणारे साधन तेवढेच आहे.

मोटर तापतेच, कारण निर्वातात तिला थंड करायला वायू उरत नाही. क्रँकने उडवलेले तेल कवचाच्या भिंतीवर आदळते तेवढ्याच वाटेने उष्णता बाहेर पडते. कवचावर सतत वारा पडेल असा पंखा मी लावला आहे आणि कवचाचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर गेले की काम थांबवतो.

प्रतिसाद १

विवेचन अतिशय उपयुक्त आहे. या पंपाने प्रत्यक्षात किती खोल निर्वात मिळते? माझ्या पंपाचा काटा उणे ०.८८ बारच्या पुढे जात नाही आणि गळती सापडत नाही. मला सिलिकॉनच्या साच्यांतील बुडबुडे काढायचे आहेत.

धागालेखक

आपण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहात हे आधी पाहावे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ मिलिबार असतो, तर १००० मीटर उंचीवर तो सुमारे ९०० मिलिबार उरतो. साधे गेज भोवतालच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवते, त्यामुळे त्या उंचीवर परिपूर्ण निर्वात झाले तरी काटा उणे ०.९०पाशी थांबणार. आपला पंप कदाचित उत्तम चालत असेल.

गेजवर विसंबायचे नसेल तर पाण्याची परीक्षा घ्यावी. पाणी २० अंशांना २३ मिलिबारवर, २५ अंशांना ३२ मिलिबारवर आणि ३० अंशांना ४२ मिलिबारवर उकळते. मी एका बशीत दोन चमचे पाणी घेऊन त्यात तापमापी ठेवतो आणि बशी चेंबरमध्ये ठेवून पंप चालवतो. सुरुवातीला बशीच्या तळाला चिकटलेले हवेचे बारीक मणी सुटून वर येतात, त्याला उकळणे समजू नये. खरे उकळणे सुरू झाले की मोठे बुडबुडे धडधड फुटतात, पाणी काठाबाहेर उडते आणि तापमापी उतरू लागते. पहिला मोठा बुडबुडा फुटला त्या क्षणीचे तापमान वाचले की खरा दाब कळतो. परीक्षेनंतर चोषण नळी उघडी ठेवून पंप दहा-पंधरा मिनिटे चालवावा, म्हणजे तेलात गेलेली वाफ बाहेर पडते.

खोलीची मर्यादा सिलिंडरच्या रचनेत आहे. पिस्टन अगदी वर गेला तरी त्याच्या माथ्यावर थोडी जागा उरते, आणि तिथे अडकलेली हवा वातावरणाच्या दाबाची असते. पिस्टन खाली येताना तीच हवा पसरते. ही उरलेली जागा एकूण घनफळाच्या २ टक्के धरली तर दाब साधारण २० मिलिबारच्या खाली जाऊ शकत नाही, कारण तिथे पसरलेली जुनी हवाच सिलिंडर भरून टाकते. शिवाय झडपेचे काम करणारी चोषणाची पातळ पाती उचलण्यापुरताही दाब अखेरीस उरत नाही. माझ्या पंपावर २६ अंशांचे पाणी उकळते, म्हणजे सुमारे ३४ मिलिबार. व्हेनियर, इपॉक्सी आणि चकसाठी हे भरपूर झाले. सिलिकॉन मात्र एवढ्या दाबावर फुगते खरे, पण फुगून कोसळण्याचा (बुडबुडे फुटून पुन्हा खाली बसण्याचा) टप्पा रेंगाळतो. साच्यांचे काम रोजचे असेल तर दोन टप्प्यांचा रोटरी व्हेन पंपच (फिरत्या पात्यांचा तयार निर्वात पंप) घ्यावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २

दोन कॉम्प्रेसर मालिकेत जोडून, म्हणजे पहिल्याचे तोंड दुसऱ्याच्या चोषणाला देऊन, मी याहून खोल गेलो आहे. पहिल्याच्या माथ्यावर अडकणारी हवा तेव्हा वातावरणाच्या दाबाची राहत नाही, म्हणून मर्यादा खाली सरकते. तथापि एक धोका येथे नोंदवणे आवश्यक वाटते. या कॉम्प्रेसरची मोटर आणि खुंट्या निर्वाताच्या आतच असतात. हवा विरळ होत जाते तशी तिची वीज रोखण्याची क्षमता प्रथम घटते. विशिष्ट दाब आणि अंतराला हवेतून ठिणगी पडण्यास लागणारे व्होल्टेज सुमारे ३२७ व्होल्टपर्यंत उतरते, आणि २३० व्होल्टच्या घरगुती विजेचे शिखर ३२५ व्होल्टचे असते. कॅपॅसिटर असलेल्या मोटरमध्ये स्टार्टच्या वेटोळ्यावर त्याहूनही अधिक व्होल्टेज येते. एकटा कॉम्प्रेसर २०-३० मिलिबारपर्यंतच जातो, तेथे थोडे अंतर शिल्लक राहते. मात्र त्याच नळीवर व्हेन पंप लावून एक-दोन मिलिबारपर्यंत उतरलात, तर त्या वेळी या कॉम्प्रेसरला वीज देऊ नये आणि मधली झडप बंद ठेवावी. माझ्या एका कॉम्प्रेसरच्या खुंट्यांमध्ये आतल्या बाजूने काळी रेघ उमटून तो कायमचा गेला.

धागालेखक

ही माहिती मूळ लेखात असायला हवी होती. आपण ती दिलीत याबद्दल आभारी आहे.

प्रतिसाद ३

माझ्याकडे एअर कंडिशनरचा रोटरी कॉम्प्रेसर आहे. तो हवा पुष्कळ ओढतो, पण पंप बंद केल्यावर एकदा टाकीत तेल आले आणि इपॉक्सीचे सगळे काम तेलकट झाले. असे का व्हावे?

धागालेखक

रोटरीची रचना उलटी असते. त्यात चोषण नळी थेट सिलिंडरमध्ये जाते आणि कवच तोंडाच्या दाबावर असते. पंप थांबताच कवचातील वातावरणाचा दाब तळच्या तेलाला रोटरच्या फटींतून निर्वाताकडे ढकलतो, आणि ते चोषण नळीवाटे थेट आपल्या टाकीत पोहोचते. चोषण नळीवर कॉम्प्रेसरच्या अगदी जवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवावा आणि त्याच्यापुढे तेल अडवणारे एक रिकामे भांडे ठेवावे. पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल असे धावत नाही, परंतु पात्यांमधून हवा परत झिरपते, म्हणून व्हॉल्व्ह तिथेही लागतोच.

प्रतिसाद ४

मी निर्वात स्विच लावून पंप आपोआप चालू-बंद होईल अशी व्यवस्था केली आहे. बंद होतो व्यवस्थित, परंतु पुन्हा सुरू होताना नुसता गुरगुरतो आणि ओव्हरलोड तुटतो. कॉम्प्रेसर खराब झाला असावा का?

धागालेखक

कॉम्प्रेसर बहुधा चांगला आहे. फ्रीजच्या मोटरचा सुरुवातीचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण केशनळी दाब सारखा करून देईल असे गृहीत धरलेले असते. आपल्या पंपात एका बाजूला निर्वात आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण वातावरण असताना तिला उठावे लागते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर यांच्या मध्ये, वीज नसताना उघडा राहणारा छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी झडप) बसवावा आणि त्याची वीज मोटरबरोबरच घ्यावी. पंप थांबला की तो उघडतो, कवचात हवा भरते, टाकीतील निर्वात मात्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे टिकून राहते. त्याच्या तोंडावर फिल्टर लावावा, नाहीतर कार्यशाळेतील भुसा थेट तेलात जाईल.

दुसरे कारण स्टार्टरमध्ये असते. पीटीसी प्रकारचा स्टार्टर तापलेला असताना स्टार्टच्या वेटोळ्याला वीज जाऊ देत नाही, आणि तो निवायला तीन ते पाच मिनिटे लागतात. स्विचबरोबर पाच मिनिटांचा विलंब देणारा टायमर जोडावा. जोडीला २०-३० लिटरची निर्वातासाठी योग्य टाकी असल्यास पंपाला वारंवार उठावेच लागत नाही.

प्रतिसाद ५

इन्व्हर्टर फ्रीजचा कॉम्प्रेसर चालेल का? आणि चेंबर म्हणून काचेची मोठी बरणी वापरली तर?

धागालेखक

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या तिन्ही खुंट्यांमधील रोध सारखा येतो, त्यावरून तो ओळखावा. त्याला थेट वीज देऊ नये. तो स्वतःच्या ड्राइव्ह बोर्डशिवाय चालत नाही.

काचेच्या बरणीविषयी माझी कळकळीची विनंती आहे की ती वापरू नये. पूर्ण निर्वातात प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा भार येतो. ३० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी झाकणावर तो ९०० किलोंच्या आसपास जातो. अन्न साठवण्याच्या बरणीची काच बाहेरून आत पडणाऱ्या अशा भारासाठी केलेली नसते, तिच्यावरचा न दिसणारा ओरखडा पुरेसा ठरतो, आणि काच आत कोसळून मग चहूकडे उडते. जाड बुडाचे स्टीलचे पातेले आणि त्यावर ॲक्रिलिकचे जाड झाकण घ्यावे. माझे झाकण २५ मिलिमीटर जाडीचे आहे आणि तरीही पंप चालू असताना मध्यभागी ते किंचित खोलगट झालेले दिसते. त्यावर केसासारखी चीर दिसू लागली की झाकण बदलावे. ॲक्रिलिक अल्कोहोलने पुसू नये, त्याने अशा चिरा लवकर पडतात.

प्रतिसाद ६

लेथवरील निर्वात चकसाठी मी हाच पंप लावला आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या चकवर उणे ०.८ बारला हिशेबाने अडीच हजार न्यूटनचा जोर येतो, पण सच्छिद्र लाकूड लावले की काटा उणे ०.४ वर घसरतो. पंप अपुरा पडतो का?

धागालेखक

होय, येथे पंपाची ओढ कमी पडते. ६ सीसीचा पिस्टन मिनिटाला २९०० फेरे घेतो असे धरले तरी मिनिटाला १७ लिटरच हवा ओढली जाते, आणि दाब उतरत जातो तशी प्रत्यक्ष ओढ आणखी घटते. उघड्या रंध्रांच्या लाकडातून तेवढी हवा सहज आत येते. मी अशा लाकडाच्या मागील बाजूवर पातळ शेलॅकचे दोन हात देतो किंवा रुंद चिकटपट्टी लावतो, आणि काटा उणे ०.७च्या खाली स्थिर राहिल्याशिवाय लेथ सुरू करत नाही. वीज गेली तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि टाकी मिळून तुकडा किती वेळ धरून ठेवतात, हे लेथ बंद असताना एकदा घड्याळ लावून पाहावे. माझ्याकडे बंद रंध्रांच्या लाकडाला चार मिनिटे मिळतात आणि सच्छिद्र लाकडाला अवघी वीस सेकंद, म्हणून सच्छिद्र तुकड्याला मी टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या भागाचा) आधार शेवटच्या कापापर्यंत काढत नाही.